भैरोबाचा उजवा कौल

माघ लागला की माझं डोकं ठिकाणावर राहत नाही. कॅलिफोर्नियात असलो तर ते कळतही नाही, कारण तिथं माघ लागतच नाही, नुसता फेब्रुवारी येतो आणि जातो. पण गेली काही वर्षं मी हिवाळ्यात इकडं येतो. सांगलीहून उंब्रजच्या वाटेला लागलो की उसाच्या ट्रॉल्या आडव्या येतात, कुठंतरी बांधापलीकडं गुऱ्हाळाचा धूर दिसतो, उकळत्या रसाचा वास बंद काचेतूनही आत शिरतो, आणि मग मला काही सुधरत नाही. ड्रायव्हर विचारतो, "साहेब, काच खाली घेऊ?" मी म्हणतो, घे. धूळ आत येते. मी म्हणतो, वर घे रे बाबा. तो वर घेतो, की लगेच मी म्हणतो, अरे जरा खाली घे. यंदाचा ड्रायव्हर कराडचा होता. त्यानं आरशातून माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाला, "साहेब, एकदा काय ते फायनल सांगा की."

फायनल! तेच तर आयुष्यभर जमलं नाही.

आणि गंमत अशी की आदल्याच दिवशी सांगलीच्या एका कॉलेजात मी भाषण ठोकून आलो होतो. विषय कोणता, तर 'अचूक निर्णय कसे घ्यावेत'. ओळख करून देणारे प्राध्यापक म्हणाले, "आपल्या कृष्णाकाठचा हा माणूस अमेरिकेत गेला, कंपनी काढली, वाढवली, विकली, आणि आज नव्या पोरांच्या कंपन्यांना भांडवल देतो. समोरचा माणूस यांना बघताक्षणी कळतो." बघताक्षणी म्हणे! मग एका मुलीनं उठून विचारलं, "सर, अमेरिकेला जायचं तुम्ही कसं ठरवलं?" मी नेहमीची टेप लावली. स्वप्न होतं, जिद्द होती, धोका पत्करायची तयारी होती. टाळ्या पडल्या. शाल मिळाली, नारळ मिळाला. ती मुलगी मात्र वहीवर पेन टेकवून तशीच बसली होती, अजून काहीतरी यायचंय अशी. पण माझ्याकडं होतं तेवढं संपलं होतं. खरं उत्तर असं आहे की मी ठरवलंच नाही. कोणी ठरवलं, तेही मला नीट सांगता येत नाही.

सत्तरीच्या दशकातला तो माघ. सांगलीला इंजिनिअरिंग संपवून मी उंब्रजजवळच्या आमच्या गावी येऊन बसलो होतो, आणि बरोबर होस्टेलातला माझा पार्टनर बिरा होता. बिरा आटपाडीकडचा. घरची मेंढरं, चार महिने घर पाठीवर. त्या पोरानं आयुष्यात एवढा ऊस एके ठिकाणी पाहिला नव्हता. आमच्या वडिलांना, आबांना, तो म्हणाला, "आवं सुभेदार, तुमच्याकडं पानी आडवं पडलंय आन् आमच्याकडं मानसं आडवी पडल्यात पान्यापायी." आबा पलटणीतून सुभेदार होऊन आलेले. त्यांना असलं सडेतोड बोलणं फार आवडायचं. बिऱ्याला त्यांनी आल्या दिवसापासून घरचाच समजलं, म्हणजे शिव्या द्यायला सुरुवात केली.

शेतात गुऱ्हाळ लागलं होतं. त्या दिवसांचं मला सलग असं काही आठवत नाही. तुकडे आठवतात. घाण्यातून पडणारा हिरवट रस आणि त्याच्या पिंपाभोवती घोंगावणाऱ्या मधमाश्या. चुलवाणात चिपाडं कोंबणाऱ्या गड्याचं लालभडक तोंड. काहिलीत, त्या भल्यामोठ्या कढईत, मळी वर आली की ती काढायची एकच गडबड. काकवीत बुडवलेली बाजरीची भाकरी. केस चिकट, कोपरं चिकट, सदऱ्याची बटणं चिकट. वाटेनं जाणारा कोणीही असो, त्याला रस पाजल्याशिवाय पुढं सोडायचं नाही, असा गुऱ्हाळाचा रिवाज. एकदा एस.टी.चा कंडक्टर गाडी थांबवून रस प्यायला आला होता, आणि त्याच्या मागून आख्खी गाडी उतरली. आबांनी हात कमरेवर ठेवून सगळ्यांना रांगेत उभं केलं होतं.

आणि या सगळ्यात आम्ही दोघं एक डबा करत होतो. बिस्किटाचा पत्र्याचा डबा. त्यात जुन्या रेडिओतले काही भाग, एक रिले, आणि मोटरीच्या स्टार्टरचं हिरवं बटण दाबणारी एक खिट्टी. तेव्हा लाईट कधी येईल आणि कधी जाईल याचा नेम नसायचा. माणसं मोटरीपाशी घोंगडं टाकून लाईटची वाट बघत पडायची. आमचा डबा काय करायचा, तर लाईट आली की आपण होऊन मोटर चालू करायचा. माणूस खुशाल घरी. आज त्याच्यासारखे डबे कुठंही मिळतात, पण तेव्हा आम्हाला वाटलं, आपण साक्षात भगीरथ.

पहिल्याच आठवड्यात तोंडावर आपटलो. विहीर सामाईक होती, आमची आणि तात्यांची. तात्या म्हणजे आबांचे चुलतभाऊ. पाण्याच्या पाळ्या वाटून घेतलेल्या, काही दिवस आमचे, काही त्यांचे. आमची पाळी संपली आणि आम्ही डबा काढायला विसरलो. सकाळी तात्यांच्या पाळीत लाईट आली, डब्यानं इमानेइतबारे आमची मोटर चालू केली, आणि दुपारी तात्या बघतात तर विहिरीनं तळ दाखवलेला आणि पाणी सगळं आमच्या उसात. फावडं घेऊनच आले.

"आरं ए सुभेदाराच्या! माजी पाळी हाय न्हवं आज?"

बिरा म्हणाला, "तात्या, आमी न्हाई केलं. डब्यानं केलं."

"मग डब्याला बोलीव भाईर! त्येच्याशीच बोलतो!"

झालं, ते वाक्य गावभर झालं. मी दुकानात काडेपेटी आणायला गेलो तरी कोणीतरी म्हणायचं, "डब्याला बोलीव." आम्ही दोघं चार दिवस तोंड लपवून हिंडलो. पण मनातून मला एक गोष्ट लागली होती. डब्याला लाईट कळत होती, पाळी कळत नव्हती. कधी चालू व्हायचं हे त्याला ठाऊक होतं, कधी गप्प बसायचं हे नव्हतं. ते कसं शिकवायचं, या विचारानं मी आणि बिरा इतके झपाटलो की काहिलीवर बोलावलं तरी जाईना.

तेवढ्यात आईनं एक काम केलं. कडब्याची खोली रिकामी केली. तिनं स्वतः कडबा ओढून गोठ्यामागं रचला, जमीन सारवली, भिंतीला चुना दिला, आणि म्हणाली, "हितं करा तुमचं डबं. उगं माझ्या चुलीम्होरं तारा पसरू नगा." एवढंच बोलली. आमची आई मुळात कमीच बोलायची. तिचं बोलणं तिच्या कामातून शोधून काढावं लागे, आणि मला तेव्हा कुठली आलीय एवढी अक्कल.

त्याच आठवड्यात अमेरिकेतल्या एका विद्यापीठातून बोलावणं आलं होतं. मी वर्षभरापूर्वी सगळे करतात म्हणून अर्ज केला होता आणि विसरून गेलो होतो. आता त्यांना महिन्याच्या आत होय की नाही कळवायचं होतं. आबा सकाळ-संध्याकाळ मिशीला पीळ देत होते. "हितं ऱ्हाऊन काय करनार? ऊस कुनीबी लावतंय. मी फौजेत गेलो तवा माझा बाप रडला व्हता. मी रडनार न्हाई. जा." मी 'बघू' म्हणत होतो. बिरा नुसता डबा उघडायचा आणि बंद करायचा. आणि मला खरंच कळत नव्हतं. सकाळी वाटायचं, जावं. काहिलीवरून ताज्या गुळाचा वास आला की वाटायचं, कुठं मरायला जायचं? दुपारी पुन्हा जावंसं वाटायचं. एका दिवसात माझी इतकी मतं व्हायची की संध्याकाळी मला माझाच राग यायचा.

शेवटी आबा म्हणाले, "कौल लावू. देव काय ती ऑर्डर काढंल."

आमच्याकडं कोणतीही मोठी गोष्ट भैरोबाला विचारल्याशिवाय करत नाहीत. गुरव देवाच्या दोन्ही खांद्यांना ओल्या कळ्या लावतो. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. एकदा कौल मिळाला की तीच गोष्ट पुन्हा विचारायची नाही. देवाला दोनदा विचारणं म्हणजे त्याच्या तोंडावर त्याला खोटं म्हणणं. बरं, विचारायचं ते गुरवानं मोठ्यानं विचारायचं असतं. पण आबा म्हणाले, "मोठ्यांदा नगं. उद्या काय झालं, जायाचं फिसकाटलं, तर गावात हसं. मनात धरा." गुरव म्हणाला, "चालंल. देवाला समदं ऐकू येतंय. धरा मनात."

सकाळची वेळ. गाभाऱ्यात तेलाचा आणि ओल्या दगडाचा वास. आबा ताठ उभे, परेडला उभे राहतात तसे. पलीकडं आई, डोक्यावरचा पदर पुढं ओढलेला. मधे मी. बिरा बाहेर पायरीवर. गुरवानं कण्हेरीच्या कळ्या लावल्या आणि गाऱ्हाणं घातलं, "देवा भैरूबा, लेकरं दारात आल्यात, त्येंच्या मनात हाय त्ये तुला ठावं हाय, उजवा दे." आणि आम्ही बघत राहिलो. कळ्या हलेनात. माझे पाय बधिर व्हायला लागले. मी मनात काय धरलं होतं? हेच तर नेमकं सांगता येत नाही. सुरुवात 'जाऊ का?' अशी केली होती, एवढं नक्की. पण मधेच डब्याचा विचार आला. मग 'डबा चालंल का?' असं झालं. मग तात्यांचं फावडं आठवलं आणि हसू यायला लागलं, म्हणून मी जीभ चावली. आणि त्या क्षणी टप्पकन उजवी कळी पडली.

"उजवा!" गुरव ओरडला.

मी पहिल्यांदा आईकडं पाहिलं. तिचा चेहरा असा फुलला होता की काय सांगू. माझ्या बारशाला ती कशी दिसली असेल, तशी दिसत होती. मला वाटलं, सुटलो! आई खूश आहे. आई खूश असेल तर मग काय, चला अमेरिकेला. इतकं साधं होतं ते. मी गेलो तो भैरोबाच्या शब्दावर नाही, आबांच्या तर नाहीच नाही. आईच्या त्या चेहऱ्यावर गेलो.

पायऱ्या उतरताना आबा मोठ्यानं म्हणाले, "सुटली ऑर्डर. पोरगं चाललं अमेरिकेला!" आणि आई मधल्या पायरीवर थांबली. मी वळून पाहिलं. काटाबिटा लागला असेल, असं वाटलं. मग ती खाली आली आणि घरी जाऊन तिनं सगळ्यांना गूळ वाटला. पावसाळ्यात मी गेलो.

पुढचं सगळं त्या प्राध्यापकांनी सांगितलंच आहे. यंत्रांना कधी चालू व्हायचं आणि मुख्य म्हणजे कधी गप्प बसायचं, हे सांगणारी खोकी मी तिकडं तयार केली. पत्र्याच्या डब्याच्या जागी इवलीशी चिप आली, कारखाने आमची खोकी घ्यायला लागले, मग एका मोठ्या कंपनीनं आम्हालाच घेऊन टाकलं. आता मी टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसतो. पोरं येतात, पडद्यावर चित्रं दाखवतात, घामेजतात. आम्ही भांडवलवाले समोर बसून होय की नाही ते सांगतो. आणि इतक्या वर्षांत मला एक कळलंय, की आम्ही सगळे 'होय' म्हणतो तेव्हा प्रत्येकानं वेगळंच मनात धरलेलं असतं. एकाला वाटतं ही कंपनी दोन वर्षांत विकली जाईल, दुसऱ्याला वाटतं हिच्यामुळं जग बदलेल, तिसऱ्याला भूक लागलेली असते. कागदावर 'एकमतानं' असं येतं. कंपनी चालली की सगळे म्हणतात, आम्हाला पहिल्यापासून ठाऊक होतं. बुडाली तर कोणी काहीच धरलेलं नसतं. मीही त्यातलाच. टेबलाशी बसून मी कितीतरी वेळा मनात 'देवा, उजवा दे' म्हटलंय, आणि नंतर मुलाखतीत त्याला 'अभ्यासपूर्ण निर्णय' म्हटलंय.

बिऱ्याला मी दरवर्षी भेटतो. तो आटपाडीकडंच राहिला, पोरांना शिकवलं, आता निवृत्त आहे. मी गेल्यावर त्यानं डब्यावर वर्षभर काम केलं, मग सोडून दिलं. एका वर्षी मी त्याला विचारलं, मी राहिलो असतो तर आपला धंदा झाला असता का रे? म्हणाला, "छ्या! भांडून मेलो आसतो दोगंबी." पुढच्या वर्षी तेच विचारलं, तर म्हणाला, "झाला आसता की. तू पळालास गड्या." मी म्हटलं, अरे, गेल्या वर्षी तर तू असं म्हणालास. तर म्हणतो, "गेल्या वर्सी तू लय लांबून आलेला दिसत हुतास." याचा अर्थ काय, मला विचारू नका. बिऱ्याच्या घरून निघताना मी नेहमी आलो त्यापेक्षा जास्त गोंधळलेला असतो. पण गेल्याशिवाय राहवत नाही.

सुट्टीला घरी यायचो तेव्हा कडब्याची खोली नेहमी सारवलेली असायची. भिंतीला ताजा चुना. आत काही नाही. मी म्हणायचो, आये, कडबा भर की हिच्यात, उगाच का रिकामी ठेवलीस? ती म्हणायची, "ऱ्हाऊ दी. लागंल." आणि शेजारणी म्हणायच्या, सुभेदारीणबाई पोराबद्दल सारखी 'येतोय की, येतोय' अशीच भाषा करतात. मला वाटायचं, आयांचं असतंच तसं.

आबा गेले त्या वर्षी मला वेळेत पोचता आलं नाही. माघात आलो. गुऱ्हाळ आमचं बंद झालं होतं, ऊस कारखान्याला जात होता, पण लांब कुठंतरी कोणाचं तरी चालू होतं आणि वारा वास आणत होता. आई उन्हात बसून पावटा सोलत होती. मी तिच्यासमोर बसलो आणि शेंगा सोलू लागलो. बोलता बोलता त्या दिवसाचा विषय निघाला. मी म्हटलं, "आबांनी कौल लावला म्हणून बरं. न्हाईतर माझं काय ठरलं नसतं."

ती सोलतच म्हणाली, "त्येनी त्येंचं इचारलं. म्या माझं इचारलं हुतं."

"म्हणजे?"

"त्येनी धरलं, पोरगं जाईल का. म्या धरलं, पोरगं हितंच ऱ्हाईल का."

माझ्या हातातली शेंग तशीच राहिली. तो फुललेला चेहरा! मी ज्या चेहऱ्यावर समुद्र ओलांडला तो चेहरा मी राहणार म्हणून फुलला होता. आणि ती पायरी. काटा लागला नव्हता तर.

"आगं, मग तवाच बोलली का न्हाईस?"

"काय बोलू? देवानं दोगांस्नीबी व्हय म्हटलं. त्येंचं खोटं म्हनू, का देवाचं खोटं म्हनू? फिरून इचारायचं नसतंय." तिनं दाणे सुपात टाकले. "मग म्या म्हटलं, त्येंचा कौल आदी खरा व्हऊ दे. माझा मागनं व्हईल. जाईल आन् यील. देव काय लबाड न्हाई."

एवढी वर्षं ती खोली सारवत होती. मला रडू आलं. मी उगाच पावट्याच्या टरफलांशी खेळत राहिलो. मग तिनंच विचारलं.

"आन् म्या तवा सांगितलं आसतं, तर ऱ्हाईला आसतास?"

मी म्हटलं, "ऱ्हाईलो असतो आये."

तिनं मान वर केली आणि माझ्याकडं पाहिलं. मग हसली.

"लबाड हायस," ती म्हणाली. "पर म्हन अजून येकदा."

मी म्हटलं. पहिल्यांदा म्हणालो ते खोटं होतं, हे मला माहीत होतं. दुसऱ्यांदा म्हणालो तेव्हाचं मात्र मला आजतागायत कळलेलं नाही.